उरलेल्या टेपवरचं गाणं

माझ्या भाऊजींनी दुसऱ्या कोणाचा बेंजो बरा वाजला असं आयुष्यात एकदाच कबूल केलं, आणि त्या एका कबुलीपायी त्यांना जी काही धावपळ करावी लागली ती मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला नागपूरच्या इंदोऱ्यात, नोकरीला गिरणीत, आणि उरलेल्या वेळात, म्हणजे खरं सांगायचं तर गिरणीतल्या वेळातसुद्धा, बेंजोवाले. बेंजो म्हणजे लाकडी खोक्यावर तारा ताणलेलं आणि टायपरायटरसारखी बटणं बसवलेलं ते वाद्य. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. आमच्याकडे जयंतीला विहाराच्या पटांगणात गायन पार्टी बसली की हार्मोनियम, ढोलकी आणि बेंजो एवढं पाहिजेच. ज्यानं तो ऐकला नाही त्याला सांगून समजायचं नाही आणि ज्यानं ऐकला त्याच्या कानातून तो जायचा नाही. भाऊजींच्या हिशेबानं जगात बेंजो वाजवणारा माणूस एकच होता. बाकीचे सगळे टायपिस्ट. एखाद्या नामांकित पार्टीचा कार्यक्रम शेवटपर्यंत मांडी घालून ऐकायचे, आणि लोकांनी अभिप्राय विचारला की शांतपणे म्हणायचे, "बोटं चांगली चालते त्याची. कचेरीत लागून जाईन तो."

त्यांचा डावा हात कधी रिकामा म्हणून नसायचा. जेवताना ताटाची कड, बसमध्ये खिडकीचा गज, गिरणीत कामाच्या टेबलाची फळी, जे हाताखाली येईल त्यावर चार बोटं आपली चाललेली. एकदा एका मयतीला आम्ही दोघं गेलो होतो. ज्यांच्या घरी गेलो ते म्हातारे गृहस्थ भाऊजींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागले. भाऊजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि मी पाहतो तर काय, ठेवलेल्या हाताची बोटं हळूहळू एका चालीवर नाचायला लागली. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. पण महिन्याभरानं तेच गृहस्थ मला सीताबर्डीवर भेटले आणि म्हणाले, "मास्तर, बाकीचे नुसते बोलून गेले. तुमच्या भाऊजीनं पाठीवर हात फिरवला तं मले खरंच बरं वाटलं."

दुसरी खोड सुरांची. भाऊजींच्या कानाला नुसता आवाज नावाची गोष्ट माहीतच नव्हती, त्यांना फक्त सूर ऐकू यायचे. शेजारचा पाण्याचा पंप हार्मोनियमच्या पांढरी चारमध्ये. कुकरची शिट्टी आधी बरोबर होती, पण नवीन रबर बसवल्यापासून उतरलेली. त्यांच्या घराचं पुढचं दार उघडताना मरणाचं करकरायचं आणि माझी बहीण वर्षानुवर्षं त्याला तेल घालायचं म्हणत होती, पण भाऊजी काही घालू देईनात, कारण त्या दाराशी त्यांचा बेंजो मिळवलेला होता. मी शाळामास्तर. मलाही त्यांनी सोडलं नाही. एकदा माझ्या वर्गाबाहेर पाच मिनिटं उभे राहिले आणि संध्याकाळी म्हणाले, "मास्तर, तुमी काळी दोनमध्ये शिकवत जा. आता जिथं बोलून राहिले ना, तिथं माणसाले झोप येते." मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी जरा चढवून बोलून पाहिलं, आणि काय सांगू, वर्ग खरोखरच जागा राहिला. हे मी त्यांना अर्थातच सांगितलं नाही.

अशा या माणसाच्या घरी ती कॅसेट आली तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सीताबर्डीवर त्या काळी गाणी भरून देणारी दुकानं होती. आपण कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट घ्यायची. यादीतली गाणी संपून शेवटी चार-पाच मिनिटांची टेप उरली, की दुकानदार आपल्या मर्जीनं त्यात काहीतरी घालून द्यायचा. टेप कोरी सोडणं त्याला जेवणाऱ्याला अर्ध्या ताटावरून उठवल्यासारखं वाटत असावं. त्यामुळे आमच्या ओळखीच्या एका घरी भक्तिगीतांच्या मागं कुस्तीची कॉमेंट्री होती आणि ते लोक तीही हात जोडून ऐकत. भाऊजींनी जुन्या पार्ट्यांच्या गाण्यांची यादी दिली होती. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी टू-इन-वन मांडीजवळ घेतला, ताप पाहावा तसा त्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. ही त्यांची ऐकायची पद्धत. या वेळी घरात बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही. माझी बहीण म्हणायची, "मी फोडणी बी यांच्या तालात द्यायची काय?"

यादीतली गाणी संपली आणि दुकानदाराची मर्जी सुरू झाली. आधी नुसतं धप् धप् धप् धप्. मग त्यावर ओल्या बोटानं स्टीलचा गिलास घासल्यासारखं एक काहीतरी कुंईवांई करत वर चढलं, खाली उतरलं, पुन्हा चढलं. बहीण आतून म्हणाली, "अवो, बंद करा ते, मशीन बिघडली." भाऊजींनी डोळे न उघडता हात वर केला. कारण त्या धपधपीच्या मधून, जुन्या रेकॉर्डच्या खरखरीसकट, बेंजो वाजायला लागला होता. चारच सुरांचा तुकडा. पण तिसऱ्या सुरावर वाजवणारा अडखळल्यासारखा होई आणि तोच सूर दोनदा काढी, टण-टण, आणि मग पुढं सरके. हाच तुकडा पुन्हा पुन्हा येत राहिला आणि दर वेळी खालचा ठोका आणि ते कुंईवांई त्याला वेगळ्याच अंगानं येऊन भेटत राहिलं. टेप संपून बटण खट्कन उठलं तरी भाऊजींचा तळहात तिथंच होता.

दुसऱ्याच दिवशी मला बोलावणं आलं. दुकानदाराकडून भाऊजी सगळी माहिती काढून आले होते. याला ॲसिड हाउस म्हणतात, लंडनमध्ये तरुण मंडळी यावर नाचतात, जुन्या रेकॉर्डी कापून मशीनवर जोडतात, त्याचं नाव रीमिक्स. बहिणीनं ॲसिड एवढंच ऐकलं आणि ती कॅसेट देवळीच्या वरच्या फळीवर, फिनाइलच्या बाटलीजवळ नेऊन ठेवली. मला विचाराल तर पहिल्यांदा ते ऐकताना माझी दाढ दुखायला लागली होती. पण शेजारी बसून भाऊजी जे सांगत होते ते ऐकत मी ते तिसऱ्यांदा, चौथ्यांदा ऐकलं आणि माझी मान कधी हलायला लागली मला कळलं नाही. "मास्तर, हा ढोलकीवाला पाहा. एकच हात हाय त्याले, पण इमानदार हाय. पयल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत शुद्धीत हाय. आपल्या पार्टीत असा एक बी नाई भेटला." त्या कुंईवांईबद्दल म्हणाले, "हे बेसूर नाई. हा सुराच्या घरी जाऊन राहिला, पण रस्त्यानं साऱ्याइच्या घरी चहा पिऊन राहिला." आणि रेकॉर्डची खरखर ऐकवून म्हणाले, "हे बी ठेवलं त्यानं. पुसून टाकता आलं असतं. जुन्या माणसाले आणलं तं त्याच्या खोकल्यासकट आणलं." इतकं नेमकं रसग्रहण मी कधी वर्गात केलं नव्हतं, हे कबूल करतो.

मग आली ती कबुली. "अन् हा बेंजोवाला," भाऊजी म्हणाले, "हा टायपिस्ट नाई."

महिनाभर ते त्या अनोळखी बेंजोवाल्याच्या प्रेमात होते. कोण असेल, कुठला असेल, कोणापाशी शिकला असेल. येणाऱ्याजाणाऱ्याला ते गाणं ऐकवत, आणि लोकही भाऊजींनी दुसऱ्याला चांगलं म्हटलं हे पाहायला म्हणून येत. शेवटी पंचावन्न वर्षांचा हा माणूस विद्यार्थ्यासारखा कॅसेटसमोर बेंजो घेऊन बसला. तो टण-टण त्यांना काढायचा होता. निघेना. पंधरा दिवस झाले, बोटांना घट्टे पडले, पण त्यांचा टण-टण नीट, शहाण्यासारखा वाजायचा आणि कॅसेटवरचा अडखळून वाजायचा. बहीण मला म्हणाली, "काहून गा, तुझ्या भाऊजीचं डोकं तं फिरून नाई राहिलं?" त्या रविवारी वैतागून त्यांनी माळ्यावरचा जुना बेंजो काढला. वीसेक वर्षं कापडात गुंडाळून ठेवलेला. तारा बदलल्या, बसले, तुकडा सुरू केला, आणि तिसऱ्या सुराचं बटण दाबलं ते वर येईना. करंगळीनं त्याला उचकटावं लागलं, आणि त्या उचकटण्यात तोच सूर पुन्हा वाजला. टण-टण.

मी पोचलो तेव्हा जुना बेंजो मांडीवर घेऊन ते भिंतीकडं पाहत बसले होते. म्हणाले, "मास्तर, हा मीच हाय."

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या बहिणीलाही धड माहीत नव्हतं. साठाच्या दशकात त्यांची पार्टी मुंबईला रेकॉर्ड भरायला गेली होती. पार्टीचे मुख्य गायक अण्णा. भाऊजींचे सख्खे कोणी नव्हेत, सगळे अण्णा म्हणत म्हणून अण्णा. गळा असा की लाउडस्पीकर बंद पडला तर लोकांना कळायचं नाही. मुंबईच्या दमट हवेनं बेंजोचं लाकूड फुगलं आणि ऐन रेकॉर्डिंगमध्ये ते एक बटण अडकलं. पुन्हा म्हणायची सवड कोणी दिली नाही, बाहेर दुसरी पार्टी खोळंबली होती. रेकॉर्ड तशीच निघाली, तिच्यावर छापलं होतं अण्णांचं नाव आणि पुढं "आणि पार्टी". परतीच्या प्रवासात अण्णा बोलले नाहीत. नागपूर स्टेशनवर उतरल्यावर चारचौघांसमोर एवढंच म्हणाले, "तुह्या बटनानं माह्या गाण्याचा सत्यानाश केला." त्या दिवशी भाऊजींनी पार्टी सोडली. अण्णांची ती एकच रेकॉर्ड निघाली, पुन्हा निघाली नाही, आणि भाऊजींनी ती स्वतःच्या घरात कधी आणली नाही की कुठं वाजत असली तर थांबून ऐकली नाही. म्हणूनच तर इतके दिवस त्यांना स्वतःचा हात ओळखू आला नव्हता. ज्या माणसाला जगातले सगळे बेंजोवाले टायपिस्ट वाटत, तो वीस-बावीस वर्षं मनातल्या मनात स्वतःलाच नापास करून बसला होता. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी त्यांच्या फुशारकीला हसत आलो होतो.

घरात कोणी विश्वास ठेवला नाही. बहीण म्हणाली, "आता लंडनवाले बी तुमचेच बेंजो वाजवते काय?" गिरणीत तर त्यांना लंडनवाले असं नावच पडलं. मी मात्र ठेवला, आणि तो काही नात्यापोटी नव्हे. एका बाजूला कॅसेट आणि एका बाजूला जुना बेंजो असं त्यांनी मला ऐकवलं. दोन मुलांचं उत्तर बरोबर असलं तर मास्तरला काही कळत नाही, पण दोन वह्यांत एकच चूक असली की उतरवलेली पाटी एकच आहे हे आम्ही झोपेतही सांगतो. ती चूक एकच होती. पण भाऊजींचं माझ्या विश्वासानं भागणार नव्हतं. त्यांना अण्णांना ऐकवायचं होतं. दुकानात जाऊन ते लंडनचं गाणं पूर्ण, आठ मिनिटं, उभ्यानं ऐकून आले आणि परतताना त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला दुष्टपणा होता. "अण्णा त्यात कुठीच नाई, मास्तर. एक शब्द नाई. त्या माणसानं अण्णाले पुरं काढून टाकलं अन् माही चूक तेवढी ठेवली."

पुढच्या रविवारी आम्ही पारशिवनीची एसटी पकडली. अण्णा त्या बाजूच्या एका खेड्यात, मुलाच्या घरी राहायला गेले होते. भाऊजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता, टू-इन-वन दुपट्ट्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता, नवे कोरे सेल घातले होते, आणि पूर्ण रस्ताभर ते मला काय बोलायचं त्याची तालीम ऐकवत होते. सत्यानाश हा शब्द त्यात चार वेळा येत होता. मी म्हटलं, दोनदा पुरे. ते म्हणाले, बावीस वर्षांना दोनदा कसं पुरेल.

अण्णा अंगणात बाजेवर बसले होते. मी मनात पहाडासारखा माणूस धरून गेलो होतो, आणि समोर सदऱ्यात हरवलेलं एक म्हातारं, डोळ्याच्या ऑपरेशनचा जाड चष्मा लावून. भाऊजींना त्यांनी ओळखलं. "ये गा," म्हणाले, जसं काही परवाच भेटले होते. आवाज इतका बसलेला की मला पुढं वाकून ऐकावं लागलं. चहा झाला. भाऊजींनी कॅसेट लावली. धपधप सुरू झाल्यावर अण्णांनी आधी घराकडं पाहिलं, कोणी काही कुटतंय का म्हणून. मग बेंजो आला. अण्णांची मान वर झाली. "हे तं आपलं हाय," ते म्हणाले. "आपलंच हाय ना गा?" भाऊजींनी मान हलवली. टण-टण आला, पुन्हा आला, आणि भाऊजी तालमीतलं पहिलं वाक्य बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात अण्णा बाजेवर सरळ बसले. त्यांनी सदऱ्याची कॉलर नीट केली, घसा खाकरला, एक हात कानाजवळ नेला. ओठ हलले. ते आपल्या आवाजाची वाट पाहत होते. त्या तुकड्यानंतर त्यांचा पहिला शब्द यायचा होता ना.

तुकडा पुन्हा आला. पुन्हा आला. अण्णांचा हात कानाजवळच होता. भाऊजींनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि अंगठ्यानं बटण दाबून मशीन बंद केलं.

"सेल उतरले," ते म्हणाले. आणि मग बावीस वर्षं तुंबलेलं ते सगळं भाषण बाजूला ठेवून हा माणूस अण्णांच्या आवाजाचं वर्णन करायला लागला. तुमचा आवाज पुढे येते, अण्णा. मशीन सारी बंद होते अन् नुसता तुमचा आवाज येते. लंडनवाल्यानं त्याले हात बी नाई लावला. ठोका थांबते, लोकं नाचाचे थांबते. असं म्हणता म्हणता भाऊजींचा डावा हात बाजेच्या काठावर ती चाल वाजवत होता, आणि त्यांचं ते ऐकून मलासुद्धा क्षणभर तो आवाज ऐकू आल्यासारखं वाटलं.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "सेल नाई उतरले गा. ऑपरेशन झालं माह्या डोळ्याचं, तुहा अंगठा दिसला मले." भाऊजींनी अंगठा बटणावरून काढला. "माहा आवाज नाई ना त्यात?"

"नाई, अण्णा."

कोंबड्या कुटकुटत होत्या, आत कोणीतरी भाकरी थापत होतं. मला वाटलं, आता हा माणूस कोलमडतो. अण्णांनी चष्मा लावला. "मंग त्यात भरून देऊ आपण," ते म्हणाले. "बेंजो आणला काय?"

"नाई."

"मंग कायले आला एवढ्या दूर?"

त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोन मशिनी, जुना बेंजो आणि कोरी कॅसेट घेऊन परत गेलो. एका मशीनवर लंडनचं गाणं लावलं, दुसऱ्यावर भरायला सुरुवात केली, आणि दोन्हींच्या मधोमध बाजेवर अण्णा. मी बटणं सांभाळायला होतो. अण्णांचा दम पुरत नव्हता, त्या एकहाती ढोलकीवाल्याला थांबणं माहीत नव्हतं, तो पुढं निघून जायचा आणि अण्णा मागं राहायचे. मग भाऊजी मधल्या मध्ये तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत त्यांना गाठायला वेळ द्यायचे. अण्णांचा आवाज फाटलेला होता, वरचा सूर लागतच नव्हता, पण शब्द अजून तसेच टाकत होते, एकेक ठेवून. दुसऱ्या कडव्याला भाऊजींचं ते बटण अडकलं. मुद्दाम नाही, खरोखरच अडकलं. टण-टण. आणि अण्णा गाता गाता हसायला लागले. ओळ सुटली, खोकला आला, तरी हसतच होते, आणि भाऊजी मान खाली घालून वाजवत राहिले. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला एकही हात रिकामा नव्हता.

अण्णा त्यानंतर दोन उन्हाळे होते. ती कॅसेट भाऊजींकडं आहे आणि कोणी आलं की ते ती लावतात, मशीनवर तळहात ठेवतात, आणि अण्णांचं हसणं जवळ आलं की हात वर करतात, म्हणजे कोणी बोलायचं नाही. माझी बहीण त्या वेळी गॅस बारीक करते. एकदा मी आपला मास्तरी स्वभावानं बोलून गेलो, की तेवढं हसणं काढून ते कडवं अण्णांकडून पुन्हा म्हणवून घ्यायला पाहिजे होतं, म्हणजे गाणं पूर्ण झालं असतं. भाऊजींनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. "काढाचं कायले, मास्तर," ते म्हणाले. "बावीस वर्ष तेवढंच तं आयकाचं होतं मले."